गेलेला ताप परत का येतो?
शरीरात निजून राहणाऱ्या रोगांविषयी



लव्हाळा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. भाजीच्या वाफ्यात तो माजला, की घरची माणसं खुरपी घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत वाफा कसा स्वच्छ दिसतो. आठ-दहा दिवस गेले, की तोच लव्हाळा पुन्हा मान वर काढतो. मधल्या काळात त्याचं बी कुणी पेरलेलं नसतं. खुरप्यानं वरची पात कापली गेली, मातीतली गाठ तशीच राहिली. ओल मिळाली, की गाठीला कोंब फुटतो.

माणसाच्या अंगातल्या काही रोगांचंही असंच आहे. ताप उतरतो, अन्नाला चव येते, माणूस औत धरतो. सगळे म्हणतात, बरा झाला. आणि चार-सहा महिन्यांनी, कधी तर वीस-तीस वर्षांनी, तोच रोग किंवा त्याचंच दुसरं रूप पुन्हा समोर उभं राहतं. मग कुणी म्हणतं बाधा झाली, कुणी म्हणतं पाणी बाधलं, कुणी डॉक्टरला नावं ठेवतं. खरं कारण अंगातच असतं. रोगाचं बी शरीरात निजलेलं होतं, ते जागं झालं.

असे रोग कोणते, ते कुठे निजतात, कशानं जागे होतात आणि आपण काय करायचं, हे या पत्रिकेत सांगितलं आहे. पनवेल, उरण आणि ठाणे-बेलापूर पट्टीतल्या मंडळींनी तर हे जरूर वाचावं. कारण पहिला रोग आहे हिवताप.

यकृतात निजलेला हिवताप

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. तेव्हापासून या भागात शेत आणि शहर एकमेकांना लागून आहेत. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला उंच इमारतींची कामं. हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. त्याच्या काही जाती खाचरात, ओहोळात, पाटाच्या पाण्यात वाढतात. ॲनॉफेलिस स्टीफन्सी नावाची जात शहरात माजते. तिला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं: गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, पाण्याचं पिंप, नव्या स्लॅबवर भिजवणीसाठी तुंबवलेलं पाणी. बांधकामावर गावोगावचे मजूर येतात, त्यातले काही ताप अंगात घेऊनच येतात, काहींना तो इथंच लागतो. यात दोष कुणाचाच नाही. डास माणसाचा गाव विचारून चावत नाही.

हिवतापाचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त आढळतात. एक फाल्सिपेरम. हा जिवावर बेततो, पण यकृतात निजून राहत नाही. दुसरा व्हायव्हॅक्स. तो सहसा इतका मारक नसतो, पण फार चिवट असतो. आपला आजचा विषय हा दुसरा आहे.

डास चावला, की हिवतापाचे जंतू तासाभराच्या आत आपल्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, जाऊन बसतात. तिथे ते वाढतात आणि काही दिवसांनी रक्तात उतरतात. मग थंडी वाजते, ताप चढतो, घाम सुटतो. पण व्हायव्हॅक्सचे सगळेच जंतू एकदम बाहेर पडत नाहीत. काही जंतू यकृताच्या पेशीत शिरून गप्प पडून राहतात. वाढत नाहीत, त्रास देत नाहीत. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी जवळजवळ वर्षभरानं त्यातले थोडे जागे होतात आणि पुन्हा रक्तात उतरतात. नवा डास चावलेला नसताना ताप येतो, तो यामुळे.

हे उमगायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत शोधला, तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. पण डास चावल्यावर पहिले काही दिवस जंतू कुठे दडतो, हे कोडंच राहिलं. भारतात पुष्कळ वर्षं नोकरी केलेले शॉर्ट आणि त्यांचे सहकारी गार्नहॅम यांनी १९४८ साली लंडनमध्ये यकृतातले जंतू दाखवून दिले. आणि यकृतात निजून राहणारं त्याचं रूप सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं, ते १९८० च्या सुमारास. म्हणजे वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या सोसलेल्या उलटणाऱ्या तापाचं मूळ हाती लागून अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

आता यातली कामाची गोष्ट ऐका. क्लोरोक्विनच्या गोळ्या तीन दिवस देतात. त्या रक्तातले जंतू मारतात आणि ताप उतरतो. ही झाली खुरपणी. यकृतातल्या गाठीला हे औषध लागू पडत नाही. तिच्यासाठी प्रायमाक्विन नावाची वेगळी गोळी आहे आणि ती १४ दिवस रोज घ्यावी लागते. मोठ्या माणसाला साधारण रोज १५ मिलिग्रॅम. नेमकं प्रमाण वजन पाहून डॉक्टर किंवा आरोग्यसेवक ठरवतात. गोळी जेवणानंतर घ्यायची, म्हणजे पोटात मळमळत नाही.

घोटाळा होतो तो इथेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग हलकं होतं. लावणी खोळंबलेली असते, मजुरी बुडत असते. माणूस विचार करतो, ताप तर गेला, आता गोळ्या कशाला? उरलेली पाकिटं कोनाड्यात जातात. पुढे माघ-फाल्गुनात किंवा उन्हाळ्यात, डास फारसे नसताना, हुडहुडी भरते. नुकसान त्या एकट्याचंच होत नाही. त्याच्या रक्तातले जंतू पहिल्या पावसाबरोबर वाढलेल्या डासांना मिळतात आणि डासांकडून शेजारच्या पोराबाळांना. गेल्या पावसाळ्यातला हिवताप या पावसाळ्यापर्यंत पोचतो, तो पुष्कळदा असा कुणाच्या तरी यकृतात मुक्काम करून.

प्रायमाक्विन घेताना काही गोष्टी सांभाळायच्या. गरोदर बाईला आणि एक वर्षाखालच्या बाळाला ही गोळी देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईनं तसं आधी सांगावं. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो, त्यांना या गोळीनं रक्त कमी होण्याचा धोका असतो. गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, डोळे पिवळे दिसले किंवा एकाएकी फार थकवा आला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. म्हणून ही गोळी दुकानातून आपल्या मनानं आणू नका. रक्त तपासून, हिवताप कोणत्या जातीचा आहे ते कळल्यावरच ती घ्यायची. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहर भागात महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध फुकट मिळतं. आशाताईकडेही सांगितलं तरी चालतं.

राखेखालचा निखारा: क्षय

पूर्वी रात्री चूल विझवताना घरातली बाई निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची. वरून हात लावला तर राख गार. सकाळी राख बाजूला करून फुंकर घातली, की निखारा लाल. क्षयाचा जंतू शरीरात असाच राहतो.

हा जंतू रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. क्षय झालेला माणूस खोकला, की जंतू हवेत उडतात आणि जवळच्यांच्या श्वासातून छातीत शिरतात. पण शिरले म्हणजे रोग झालाच असं नाही. आपल्या रक्तातल्या राखणदार पेशी त्यांच्याभोवती जमतात आणि सगळीकडून कोट घालतात. जंतू आत कोंडले जातात. ते मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला काहीही लागत नाही.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. भारतात २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी झाली. तीत १५ वर्षांवरच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ३१ जणांच्या अंगात क्षयाच्या जंतूचा शिरकाव झाल्याचं आढळलं. घाबरू नका. या लोकांपैकी बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. साधारण शंभरात पाच ते दहा जणांमध्ये कोट कधीतरी ढासळतो आणि रोग प्रकट होतो. शिरकाव झाल्यापासूनची पहिली दोन वर्षं त्यात जास्त धोक्याची.

कोट ढासळतो कशानं? जंतू अचानक बळकट होत नाही, राखणदार दुबळे होतात. त्याची ठळक कारणं अशी:

उपासमार. पोट भरत नसेल, वजन घटत असेल, तर राखणदारांना बळ कुठून येणार?

साखरेचा आजार. मधुमेह आटोक्यात नसला, तर क्षय उलटण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. शहराजवळच्या गावांत खाणं बदललं, चालणं कमी झालं आणि हा आजार घरोघर आला. चाळिशी ओलांडलेल्यानं वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी.

एचआयव्ही. या रोगात राखणदारच मारले जातात, म्हणून धोका सर्वांत मोठा.

दगडाची धूळ. पारसिकच्या डोंगराला लागून तुर्भे-नेरूळकडे वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. खाणीत आणि क्रशरवर काम करणाऱ्याच्या छातीत दगडाची बारीक पूड साठते. ती छातीतल्या राखणदार पेशींनाच मारते. काम सोडून दहा वर्षं झाली, तरी हा धोका राहतो. अशा माणसानं डॉक्टरकडे गेल्यावर “मी खाणीवर होतो” हे न विसरता सांगावं.

तंबाखू आणि दारू. विडी-सिगारेट छातीचं राखण कमी करते, दारू सगळ्या शरीराचं.

स्टिरॉइड. याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. गुडघे धरले, कंबर दुखली, की कुणीतरी पुडी देतं किंवा एक इंजेक्शन टोचतं. दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. अशा बिननावाच्या औषधांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली हे मोलाचं औषध आहे. पण न सांगता, महिनोन् महिने पोटात गेलं, तर ते राखणदारांना गुंगी आणतं. दुखणं दबतं आणि निखाऱ्यावरची राख उडते. म्हणून ज्या पुडीवर औषधाचं नाव लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. आणि आजवर घेत असाल, तर ती एकदम बंद न करता पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड अचानक तोडणंही धोक्याचं असतं.

मग उपाय काय? घरात कुणाला छातीचा क्षय निघाला, तर बाकीच्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. छातीचा फोटो आणि तपासणी करून चालू क्षय नाही अशी खात्री झाली, की निजलेला जंतू मारण्यासाठी प्रतिबंधक औषध देतात. एक पद्धत सहा महिने रोज गोळी घेण्याची, दुसरी आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे घेण्याची. “मला काही होत नाही, मग गोळी कशाला?” असं म्हणू नका. निखारा राखेखाली आहे तेव्हाच तो विझवणं सोपं.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थुंकी तपासून घ्या. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट आहे. रुग्णाला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसेही मिळतात. २०१८ पासून ते दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले.

अन्नाचं महत्त्व किती, हे झारखंडमधल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या घरातल्या मोठ्या माणसांना दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्यांच्या घरी हे दिलं नाही त्यांच्या तुलनेत या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळ! आपण पिकवतो तेच. म्हणून घरात आजारी माणूस असला, तर त्याच्याबरोबर बाकीच्यांच्या ताटाकडेही बघा. विशेषतः सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेच्या ताटाकडे.

कांजिण्या आणि नागीण

लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे आईला विचारा. आल्या असतील, तर त्यांचा विषाणू आजही तुमच्या अंगात आहे. फोड वाळून खपल्या पडल्या, तेव्हा तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन निजला. वय झालं, मोठं आजारपण आलं किंवा शरीराचं राखण दुबळं झालं, की तो मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. आधी दोन-तीन दिवस एका जागी आग होते, टोचतं, ठणकतं. मग लाल चट्ट्यावर पाण्यानं भरलेल्या फोडांची रांग उठते. हीच नागीण.

कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच आहे, ही गोष्ट नीट मांडणाऱ्यांत एक गावातला डॉक्टर होता. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर या लहान गावात दवाखाना चालवणारे होप-सिम्पसन. आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून त्यांनी १९६५ साली दाखवून दिलं, की नागीण बाहेरून लागत नाही, जुना विषाणूच अंगात जागा होतो.

नागिणीबद्दल आपल्याकडे मोठी भीती आहे. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं, की माणूस दगावतो असं म्हणतात. याला आधार नाही. मज्जातंतू कण्यापासून निघून एक डावीकडे, एक उजवीकडे जातो. विषाणू त्यातल्या एकाच तंतूच्या वाटेनं येतो, म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला उठतात आणि मधल्या रेषेपाशी थांबतात. वेटोळं पुरं होण्याचा प्रश्नच सहसा येत नाही आणि क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले तरी जुळण्यानं मरण येत नाही.

खरा धोका वेगळा आहे. गेरू, राख, पाल्याचा लेप लावण्यात आणि उतरवून घेण्यात तीन-चार दिवस जातात. नागिणीवर विषाणू रोखणाऱ्या गोळ्या आहेत आणि फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा गुण जास्त येतो. उशीर झाला, की फोड जातात पण ठणका मागे राहतो. म्हाताऱ्या माणसाला तो महिनोन् महिने झोपू देत नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे आणि सरकारी मोफत लसीकरणात नाही. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गोठ्यातही हेच

निजलेला रोग जनावरांतही असतो. ब्रुसेल्ला नावाच्या जंतूमुळे गाय-म्हैस शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते. हा जंतू कधी कधी कालवडीच्या अंगात लहानपणीच शिरलेला असतो. ती धडधाकट वाढते, तपासणीतही काही दिसत नाही. पहिल्यांदा गाभण राहिली, की जंतू जागा होतो आणि वासरू जातं. पुढच्या खेपेला तीच गाय व्यवस्थित विते, म्हणून मालक निर्धास्त होतो. पण दुधातून आणि वाराच्या घाणीतून जंतू बाहेर पडतच राहतो.

गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर बांधा, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. दूध उकळूनच प्या. कालवडी आणि पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचून घ्या. ही लस फक्त मादी वासरांना देतात. माणसाला हा रोग झाला तर लाटेसारखा येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, कंबरदुखी सुरू होते आणि उपचार कमीत कमी सहा आठवडे चालतो. मध्येच सोडला, की तोही उलटतो. डॉक्टरकडे जाल तेव्हा “घरी जनावरं आहेत, एक गाय गाभडली होती” हे सांगायला विसरू नका.

लोक विचारतात

प्रश्न: रक्त तपासलं, हिवताप निघाला नाही. म्हणजे अंगात काहीच नाही ना?
उत्तर: त्या दिवशी रक्तात जंतू नाहीत, एवढंच त्यातून कळतं. यकृतात निजलेला जंतू दाखवणारी तपासणी अजून नाही. म्हणून एकदा व्हायव्हॅक्स निघाला, की १४ दिवसांचा उपचार पुरा करायचा. पुन्हा ताप आला, तर पुन्हा रक्त तपासायचं आणि आधी कधी हिवताप झाला होता ते सांगायचं.

प्रश्न: निजलेला क्षय असलेल्याचं ताट-भांडं वेगळं ठेवावं का?
उत्तर: मुळीच नाही. त्याच्यापासून कुणालाही रोग लागत नाही. आणि चालू क्षयसुद्धा ताटातून पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णानं तोंडावर रुमाल धरावा, औषध चुकवू नये.

प्रश्न: नागीण झालेल्यापासून मुलांना धोका आहे का?
उत्तर: नागीण लागत नाही. पण ज्या मुलाला किंवा गरोदर बाईला कधी कांजिण्या आलेल्या नाहीत, त्यांना फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा.

प्रश्न: कॅन्सरच्या उपचाराआधी काविळीची तपासणी का सांगतात?
उत्तर: ब प्रकारच्या काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गप्प राहतो. कॅन्सरच्या काही औषधांनी शरीराचं राखण उतरतं आणि तो उसळून यकृताला इजा करतो. आधी कळलं, तर त्याला दाबणाऱ्या गोळ्या बरोबरच सुरू करता येतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये किंवा इतर कुठेही उपचाराला जाताना जुन्या काविळीची गोष्ट लपवू नका.

लक्षात ठेवा

१. ताप उतरला म्हणजे खुरपणी झाली. गाठ निघाली की नाही, ते पुरं औषध ठरवतं.
२. व्हायव्हॅक्स हिवतापाला प्रायमाक्विन १४ दिवस. ज्या घरात गोळ्या चालू आहेत, तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा.
३. टाकी, पिंप, बांधकामावरचं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करून कोरडं करा, नाहीतर घट्ट झाका. झोपताना मच्छरदाणी लावा.
४. घरात क्षय निघाला, तर सगळ्यांची तपासणी आणि सगळ्यांना पोटभर जेवण.
५. बिननावाची पुडी आणि इंजेक्शन घेऊ नका.
६. नागिणीचे फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठा.
७. जमिनीच्या सातबाऱ्यासारखा आपल्या शरीराचाही उतारा ठेवा. एका वहीत लिहा: कोणता आजार, कोणत्या साली, किती दिवस औषध, पुरं केलं की सोडलं. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. निजलेल्या रोगाची पहिली खूण पुष्कळदा त्या वहीतच सापडते.

शेतकरी मंडळी, लव्हाळ्याची गाठ काढायला कंटाळा करणाऱ्याचा वाफा कधी स्वच्छ होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कोनाड्यात प्रायमाक्विनचं अर्धं पाकीट पडलं असेल, तर आज ते काढा. त्या जुन्या गोळ्या आपल्या मनानं खाऊ नका. पाकीट घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि पुढं काय करायचं ते विचारा. आणि ही पत्रिका वाचून झाली, की घडी करून ठेवू नका, शेजारच्या घरी द्या.